घरी पाळावयाचा आगळा प्राणी : निवड आणि जबाबदारी

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला म्हणजे फडातील एखाद्या सरीत सशाची किंवा रानमांजराची पिले सापडतात. जुन्नरच्या बाजूस तर बिबट्याचे बछडेही आढळतात. पिलाची आई जवळपास दिसत नाही. पिलू अंग चोरून पडलेले असते आणि पाहणाऱ्याच्या मनात दया उत्पन्न होते. मग ते पंचात गुंडाळून घरी आणले जाते, वाटीत गाईचे दूध पुढे ठेवले जाते आणि संध्याकाळपर्यंत घरातील मुले त्याला नावही देऊन मोकळी होतात. यात कोणाचाही हेतू वाईट नसतो. तथापि अशा रीतीने घरी आलेले पिलू पुष्कळदा चार-आठ दिवसांत दगावते. जगलेच तर ते ना घरचे राहते ना रानचे.

दुसऱ्या बाजूने, तालुक्याच्या बाजारातून आणि शहरातील दुकानांतून रंगीबेरंगी परदेशी पक्षी, पांढरे ससे, नाण्याएवढी हिरवी कासवे आता खेड्यांतही येऊ लागली आहेत. कुत्रा, मांजर, शेळी, कोंबडी यांहून निराळा एखादा प्राणी आपल्याकडे असावा, ही हौस स्वाभाविक आहे. मुलांना प्राण्यांची माया लागणे ही तर चांगलीच गोष्ट होय. परंतु शेतकरी बैल घेताना दात, खूर आणि चाल पाहतो; बियाणे घेताना जमीन, पाणी आणि हंगाम यांचा विचार करतो. मग ज्या प्राण्याची माहिती आपल्या वाडवडिलांनाही नव्हती, तो घरी आणताना त्याहून अधिक विचार नको काय? आणलेला प्राणी परत करता येत नाही आणि सोडूनही देता येत नाही, ही एक गोष्ट ध्यानात ठेवून पुढील विवेचन वाचावे.

रानातील पिलू उचलू नये

फडात एकटे दिसणारे पिलू बहुधा पोरके नसते. आपल्या रानातील सशाची मादी पिलांना गवतात लपवून दिवसभर त्यांच्यापासून दूर राहते; ती जवळ बसली तर तिच्या वासाने कोल्हा-कुत्री पिलांपर्यंत पोहोचतील. अंधार पडू लागला म्हणजे ती येऊन थोडा वेळ पाजून जाते. रानमांजर व बिबट्याची मादीही माणसांची चाहूल लागल्यामुळे दूर गेलेली असते, पिले टाकून गेलेली नसते. जुन्नर परिसरात उसात सापडलेले बछडे वनखात्याच्या देखरेखीखाली त्याच जागी, त्याच संध्याकाळी टोपलीत किंवा खोक्यात ठेवले असता मादी येऊन त्यांना घेऊन गेल्याची अनेक उदाहरणे आहेत.

कित्येकदा बिबट्याचा बछडा समजून जे पिलू उचलले जाते, ते वाघाटीचे असते. वाघाटी ही जगातील सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक होय. पूर्ण वाढ झाली तरी तिचे वजन साधारण एक ते दीड किलो भरते. तिचे मुख्य खाद्य उंदीर व लहान पक्षी. म्हणजे आपण ज्याला घरी आणून मारतो, ते शेतात राहिले असते तर आपलेच उंदीर कमी करणार होते. गाईचे दूध या पिलांना पचत नाही. त्याने हगवण लागून ती खंगतात.

यास्तव असे पिलू दिसताच त्या भागातील तोडणी थोडा वेळ थांबवावी, कुत्री व मुले दूर ठेवावीत, पिलास हात न लावता वनरक्षकास कळवावे. महाराष्ट्र वनविभागाचा १९२६ हा मदत क्रमांक याच कामासाठी आहे. आईपासून काही तास दूर राहिलेल्या पिलास आई पुन्हा स्वीकारते. घरी नेऊन चार दिवसांनी ते परत आणून ठेवण्यात मात्र काही अर्थ उरत नाही.

पोपट, कासव आणि मांडूळ

पोपटाचा पिंजरा हा आपल्याकडे फार जुना आहे, म्हणून पोपट पाळण्यात काही गैर आहे हेच अनेकांना पटत नाही. वास्तविक आपला हिरवा, लाल चोचीचा पोपट हा वन्य पक्षी असून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये त्यास संरक्षण आहे. देशी वन्य पक्ष्यांचा व्यापार १९९०-९१ पासून बंद झालेला आहे. पोपट पकडणे, विकणे, विकत घेणे व पिंजऱ्यात ठेवणे हे सर्व गुन्हे आहेत. बाजारात निळ्या-गुलाबी रंगांत रंगविलेल्या लहान मुनियांचीही तीच गोष्ट. तो परदेशी पक्षी नसून आपलाच देशी पक्षी असतो.

पोपट ज्वारीची कणसे, सूर्यफूल व पेरू यांचे नुकसान करतो, मग तो पकडला तर काय बिघडले, असा प्रश्न शेतकरी विचारतात. नुकसान खरे आहे. परंतु पिकाची राखण वेगळी आणि ढोलीतून पिले काढून विकणे वेगळे. ढोलीतून काढलेल्या पिलांपैकी कितीतरी पिले पिंजऱ्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच मरतात. जे वाचते ते वीस वर्षांहूनही अधिक जगू शकते. थव्याने राहणारा हा पक्षी इतकी वर्षे एकटा, पंख पसरण्यापुरतीही जागा नसलेल्या पिंजऱ्यात काढतो, स्वतःचीच पिसे उपटू लागतो. आपण त्याला बोलता येते म्हणून कौतुक करतो.

घरात आधीच पोपट असेल तर हा लेख वाचून पिंजऱ्याचे दार उघडून देऊ नये. लहानपणापासून पिंजऱ्यात वाढलेला किंवा पंख कापलेला पोपट उडू शकत नाही, खाणे शोधू शकत नाही, आणि मांजराच्या वा कावळ्याच्या तावडीत सापडतो. वनविभागास कळवून तो रीतसर त्यांच्या स्वाधीन करावा.

कासवांविषयी अनेक समजुती आहेत. पाठीवर ताऱ्यांसारखी पिवळी नक्षी असलेले, बाजारात स्टार कासव म्हणून ओळखले जाणारे कासव घरात असले म्हणजे भरभराट होते, असे सांगून ते चोरून विकले जाते. या चोरट्या व्यापारामुळे ते इतके संकटात आले की २०१९ मध्ये त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापारही पूर्णतः निषिद्ध करण्यात आला. मांडुळाचे तसेच. मांडुळास दोन तोंडे नसतात. त्याचे शेपूट बोथट असल्यामुळे तसा भास होतो. ते गुप्तधन दाखवीत नाही, औषधीही नाही. बिनविषारी असून ते शेतातील उंदीर खाते, हीच त्याची खरी किंमत. लाखो रुपयांचे आमिष दाखवून मांडूळ शोधावयास लावणाऱ्यांच्या नादी लागून अनेक तरुण पोलिसांच्या हाती सापडले आहेत.

सापांपासून रक्षण व्हावे म्हणून मुंगसाचे पिलू पाळण्याचा प्रकारही काही ठिकाणी आढळतो. तेही संरक्षित आहे, आणि मोठे झाले म्हणजे कडकडून चावते.

वन्यजीव अधिनियमात २०२२ मध्ये सुधारणा होऊन ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. तीनुसार अधिनियमाच्या सर्वसाधारण उल्लंघनास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांसंबंधीच्या गुन्ह्यास किमान तीन ते कमाल सात वर्षे कैद व किमान पंचवीस हजार रुपये दंड अशी तरतूद आहे. हौसेपोटी एवढी किंमत कोणीही मोजू नये.

परदेशी प्राणी आणि नोंदणी

परदेशी प्राण्यांना आपला कायदा लागू नाही, असे दुकानदार सांगतात. ते आता खरे नाही. वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणारा साईटिस नावाचा करार आहे. त्या कराराच्या याद्यांतील प्राणी २०२२ च्या सुधारणेनंतर आपल्या अधिनियमाच्या चौथ्या अनुसूचीत आले आहेत. आफ्रिकेचा राखी पोपट, मकाव, काकाकुवा, इग्वाना, अजगरांच्या परदेशी जाती हे सर्व त्यांत मोडतात. असा प्राणी ताब्यात असणाऱ्याने २०२४ च्या नियमांप्रमाणे परिवेश या शासकीय संकेतस्थळावर त्याची नोंद करावयाची असते. नवा प्राणी आल्यास ती तीस दिवसांच्या आत करावी लागते. त्याला पिले झाली, तो मेला किंवा दुसऱ्यास दिला तरी कळवावे लागते.

म्हणून परदेशी प्राणी घेताना लेखी पावती व त्याच्या मूळ ठिकाणाचे कागद मागावेत. कागद देण्यास जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून प्राणी घेऊ नये. बैलाच्या बाजारात दाखल्याशिवाय सौदा करू नये हे आपण जाणतोच. येथेही तोच न्याय लावावा.

सोडून दिलेला प्राणी कोठे जातो?

हौस फिटली की प्राणी नको होतो. मग कोणी तो विहिरीत सोडतो, कोणी ओढ्याकाठी. सुटका केली या समाधानाने माणूस घरी येतो. परंतु या सुटकेची किंमत पुढे कोण देतो, हे मराठवाड्यातील शेतकऱ्यांनी स्वतः अनुभवले आहे.

१८४७ मध्ये गोगलगायींचे एक इंग्रज अभ्यासक विल्यम बेन्सन यांनी मॉरिशसहून मोठ्या आफ्रिकी गोगलगायी जिवंत कलकत्त्यास आणल्या. त्या चौरंगी भागातील एका बागेत सोडण्यात आल्या. एका हौशी माणसाने आणलेला तो एक नवलाईचा प्राणी होता, एवढेच. तेथून कलमे, माती, वाहतूक यांच्याबरोबर ती गोगलगाय देशभर पसरली. एक गोगलगाय एका वेळी शेकडो अंडी घालते, आणि उन्हाळ्यात जमिनीत शंखाचे तोंड बंद करून पावसाची वाट पाहत पडून राहते. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड व धाराशिव जिल्ह्यांत या शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे रातोरात खाऊन टाकली आणि कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या एका बागेतील हौसेचे बिल आज कोरडवाहू शेतकरी भरीत आहे.

दुसरे उदाहरण सशाचे. १८५९ मध्ये ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात थॉमस ऑस्टिन या जमीनदाराने शिकारीसाठी इंग्लंडहून आणविलेले थोडे ससे आपल्या जमिनीवर सोडले. काही दशकांतच त्यांची संख्या कोट्यवधींवर गेली. कुरणे उजाड झाली. त्यांना अडविण्यासाठी पश्चिम ऑस्ट्रेलियात १९०१ ते १९०७ या काळात तीन हजार किलोमीटरहून अधिक लांबीची कुंपणे बांधावी लागली, तरीही ते थांबले नाहीत.

बाजारातील नाण्याएवढे, कानामागे तांबडा पट्टा असलेले कासव मूळचे अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातील. लहानपणी ते काचेच्या भांड्यात शोभते. पुढे ते वीतभर किंवा त्याहूनही मोठे होते, पाणी घाण करते, चावते, आणि तीस वर्षेही जगू शकते. तेव्हा ते तळ्यात सोडले जाते. तेथे ते आपल्या देशी कासवांचे खाद्य व ऊन खाण्याच्या जागा बळकावते. जगातील सर्वांत उपद्रवी अशा शंभर आगंतुक जातींच्या यादीत त्याचे नाव आहे. गावच्या विहिरीत, पाझर तलावात वा शेततळ्यात असे कासव किंवा काचेच्या टाकीतील परदेशी मासे कोणीही सोडू नयेत.

मग कोणता प्राणी निवडावा?

पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हाताखाली वाढलेला, पकडून न आणलेला आणि आपल्या हवेत टिकणारा प्राणी निवडावा. पाळीव ससा, गिनी पिग आणि बजरीगर नावाचा लहान ऑस्ट्रेलियन पोपट हे त्या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहेत.

ससा. पाळीव ससा हा रानातील सशाचा भाऊ नव्हे. त्याची जात वेगळी, मूळ युरोपातील. रानसशाची पिले डोळे उघडे व अंगावर लव घेऊन जन्मतात, तर पाळीव सशाची पिले उघडी व आंधळी जन्मतात. यावरून दोघांतील भेद ध्यानात येईल. ससा नीट सांभाळल्यास आठ-दहा वर्षे जगतो.

एका जोडीसाठी निदान चार फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच पिंजरा असावा आणि दररोज बंदिस्त अंगणात थोडे मोकळे फिरू द्यावे. पिंजरा जमिनीपासून दोन-तीन फूट उंच, कडुनिंबासारख्या दाट सावलीत ठेवावा. तळास जाळी असल्यास काही भागावर फळी टाकावी, नाहीतर पायांना जखमा होतात. कुत्रा, मांजर, घूस व साप आत शिरणार नाहीत अशी जाळी असावी. आपल्या हवेत सशाचा मोठा शत्रू म्हणजे ऊन. पारा पस्तीस अंशांच्या वर गेला की ससा धापा टाकू लागतो व उष्माघाताने मरतो. एप्रिल-मे महिन्यांत पिंजऱ्यावर ओले गोणपाट टाकावे आणि थंड पाणी सदैव ठेवावे. ज्या घरी ही व्यवस्था होऊ शकत नाही, त्याने ससा आणू नये.

सशाचे मुख्य अन्न वाळलेले गवत. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात व गवत चावण्यानेच झिजतात. जोडीस हरळी, शेवग्याचा पाला, थोडी लसूणघास द्यावी; गाजर क्वचित व थोडे. दवाने भिजलेले गवत, बुरशी आलेले धान्य आणि फवारणी केलेला भाजीपाला देऊ नये. ससा पहाटे स्वतःची मऊ लेंडी खातो. तो रोग नसून त्याच्या पचनाचाच भाग आहे. सशाला कान धरून कधीही उचलू नये. एक हात छातीखाली व दुसरा मागील पायांखाली देऊन उचलावे. झटका मारल्यास त्याचे स्वतःचेच कंबरडे मोडते.

नर व मादी तीन महिन्यांची झाली की वेगळी करावीत. मादी तीस ते बत्तीस दिवसांत विते आणि एका वेळी चार ते आठ पिले देते. दोन ससे आणून वर्षाअखेर पंधरा झाले आणि मग ते ओढ्याकाठी सोडले, असे होता कामा नये. लहानपणापासून एकत्र वाढलेल्या दोन माद्या ठेवणे सोयीचे.

गिनी पिग. हा दक्षिण अमेरिकेतील पर्वतीय प्रदेशातील उंदीरवर्गीय, शांत प्राणी आहे. त्याच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. म्हणून रोज ताजी कोथिंबीर, हिरवा पाला किंवा पेरूची फोड दिली पाहिजे, नाहीतर सांधे सुजून तो आजारी पडतो. हाही उन्हास नाजूक आहे.

बजरीगर. बाजारात यालाच बहुधा लव्हबर्ड म्हणतात. हा साईटिसच्या यादीतून वगळलेला असून पिंजऱ्यातच पैदास झालेला मिळतो. राळा, बाजरी व थोडा हिरवा पाला हे त्याचे खाद्य. पिंजरा उंचीपेक्षा लांबीने अधिक असावा, म्हणजे पक्ष्यास उडता येते. एकटा ठेवू नये.

आरोग्याची काळजी

प्राणी हाताळल्यावर साबणाने हात धुणे हा पहिला नियम. कासवांच्या अंगावरील जंतूंमुळे लहान मुलांना जुलाब व ताप येतो. त्यांचे पाणी मोरीत, स्वयंपाकाच्या भांड्यांजवळ ओतू नये. पोपटवर्गीय पक्ष्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून फुफ्फुसाचा ताप होऊ शकतो. घरात पक्षी असून खोकला-ताप हटत नसेल तर डॉक्टरांना पक्ष्याविषयी आवर्जून सांगावे. सशापासून खरूज व गजकर्ण माणसास लागू शकते.

मुंगूस, माकड, रानमांजर, कुत्रा यांपैकी कोणीही चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजची लस घ्यावी. हळद, तिखट, चुना लावीत बसू नये. रेबीज झाल्यावर उपाय नाही.

आणण्यापूर्वी स्वतःस विचारावयाचे प्रश्न

हा प्राणी पाळण्यास कायद्याची परवानगी आहे काय आणि त्याचा कागद मजजवळ आहे काय? तो किती वर्षे जगेल, आणि मुलगा शिक्षणासाठी बाहेरगावी गेल्यावर त्याचे कोण पाहील? सुगीच्या दिवसांत, लग्नाकार्यात, गावाबाहेर गेल्यावर त्यास पाणी कोण देईल? त्याचे आजार जाणणारा पशुवैद्य जवळ आहे काय? भर उन्हाळ्यात त्याला कोठे ठेवणार? पिले झाली तर काय करणार? या सहा प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर ठाम देता येत नसेल, तर तूर्त प्राणी आणू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ऊसतोड सुरू होण्यापूर्वी तोडणी कामगारांच्या टोळ्यांना व बागायतदारांना पिलांविषयीची माहिती द्यावी, आणि शाळेत मुलांशी याविषयी बोलावे. प्राण्याची माया दाबून टाकावयाची नाही. ती योग्य वाटेस लावावयाची आहे. अंगणात पाण्याचे परळ टांगले, बांधावरचे जुने झाड राखले, तर पोपट, साळुंकी, बुलबुल पिंजऱ्याशिवायही रोज भेटीस येतात. ज्याला त्याहून अधिक जवळीक हवी आणि जबाबदारीही घ्यावयाची आहे, त्याने योग्य प्राणी निवडावा आणि मग त्याच्या अखेरपर्यंत त्याला अंतर देऊ नये.